व्याह्यांचा ट्रक सकाळी उठेना

डिझेल गाड्यांचं काम करणाऱ्या त्या मिस्त्रींना लोक तोंडावर मिस्त्री आणि पाठीमागे 'उद्या मिस्त्री' म्हणत. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही अशी तक्रार घेऊन कुणी दुपारी आलं, की ते इंजिनावर तळहात ठेवत, चटका बसला की हात फडक्याला पुसत आणि म्हणत, "ठेवून जा. उद्या बघू."

"अहो, आत्ता सुरू आहे तर आत्ताच बघा की!"

"सुरू आहे म्हणूनच नाही बघत."

यापुढे ते तोंड उघडत नसत. ड्रायव्हर चरफडत निघून जाई. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मिस्त्री गार पडलेल्या इंजिनाजवळ स्टूल टाकून बसत, कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगत आणि स्वतः सायलेन्सरच्या तोंडाकडे बघत राहत. ही सवय त्यांना तरुणपणी लागली होती. बर्फाच्या कारखान्यात जनरेटरला तेलपाणी करायची नोकरी होती, आणि जनरेटर बंद पडला की सगळा कारखाना त्यांच्या नावानं शंख करायचा. तिथे त्यांनी धूर वाचायला शिकून घेतलं. काळा धूर, पांढरा धूर आणि धूरच नाही, असे त्यांच्या लेखी आजाराचे तीन वर्ग होते. पुढे स्वतःची शेड टाकली. पत्र्याचं छप्पर, दोन ट्रक उभे राहतील एवढी जागा, भिंतीवर ओळीनं लावलेले पाने आणि प्रत्येक पान्याच्या मागे त्याच्याच आकाराची रंगवलेली आकृती, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लांबूनही कळावं. एकसष्टाव्या वर्षीसुद्धा त्या भिंतीवर संध्याकाळी एकही आकृती रिकामी नसे.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी ती शेडच्या दाराशी घुटमळायची, पण मिस्त्री तिला आत येऊ द्यायचे नाहीत. "हात काळे होतील, जा, आईजवळ बस," एवढं म्हणायचे. तिनं पुढे बालवाडीत शिकवायचं काम धरलं. आठ वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. सासर बसनं दीड तासावर. जावई एका कापडाच्या गिरणीत पाळीनं काम करायचा आणि व्याह्यांचा स्वतःचा ट्रक होता. जुना, सहाचाकी, बांधकामाच्या दुकानांना फरश्या आणि सिमेंट पोचवणारा.

व्याही बोलके गृहस्थ. चार माणसं जमली की त्यांना जोर चढायचा. अशाच एका बैठकीत, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, ते आपण कसे भरलेली गाडी चढावर टॉप गिअरमध्ये काढतो ते रंगवून सांगत होते. मिस्त्री कोपऱ्यात बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हणजे तुम्ही गाडी चालवत नाही, फरफटत नेता." सगळे हसले. व्याहीही हसले, पण ते त्यांना चांगलंच झोंबलं. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला, की जगातल्या कुठल्याही मिस्त्रीकडे जाईन, व्याह्यांकडे नाही. वर्षातून दोनदा भेट व्हायची, "कसं काय?" "बरं आहे," एवढ्यावर निभायचं.

एका शुक्रवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, उद्या येता का इकडे? राहायलाच या."

"काय झालं? बरी आहेस ना?"

"मी ठणठणीत आहे. गाडी आजारी आहे."

मग तिनं सगळी हकिकत सांगितली. सात महिन्यांपासून ट्रक सकाळी उठत नव्हता. आधी दोनदा किल्ली मारावी लागायची, मग पाचदा, आणि आता तर रोज धक्का. सकाळी सहाला सगळं घर फाटकाबाहेर. सासरे पुढे केबिनच्या दाराला खांदा लावतात, जावई घरी असला तर मागून, शेजारचे दोघं कधी येतात, कधी त्यांना बघून दार लावून घेतात. नवी बॅटरी झाली. सेल्फ सोडून दुरुस्त करून आणला. नोझल काढून तपासले. तीन मिस्त्री झाले, तिघांचे हात टेकले, आणि आता तिसरा म्हणतो की इंजिनात दम राहिलेला नाही, खोलावं लागेल. सोमवारी गाडी त्याच्याकडे न्यायची ठरली होती.

"व्याह्यांनी बोलावलंय मला?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही. मी बोलावतेय. त्यांना सांगितलंय मी."

"मग काय म्हणाले?"

"हूं म्हणाले."

फोन ठेवल्यावर मिस्त्रींच्या बायकोनं विचारलं, "जाणार ना?" त्यावर ते म्हणाले, "गार इंजिन बघायचं तर आदल्या दिवशीच जायला हवं." बायकोनं मान हलवली. आठ वर्षांत मुलीच्या घरी एक रात्रही न काढलेला माणूस इंजिनासाठी का होईना, निघाला होता. तिनं त्यांच्या पिशवीत टॉवेल आणि कपडे भरले. त्यांनी ते बाहेर काढून खाली चार पाने, ग्रीसचा डबा, क्लिपा, डिझेलच्या नव्या रबरी नळीचा तुकडा आणि गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी ठेवली, आणि टॉवेल वर दाबून बसवला.

शनिवारी दिवे लागायच्या सुमारास ते पोचले. विहीणबाईंनी पाणी दिलं, चौकशी केली. जावई रात्रपाळीला गेला होता. व्याही दारातल्या खुर्चीत बसले होते. बोलायचं नाही असं ठरवून बसलेल्या माणसाला स्वतःचाच विषय निघाल्यावर किती वेळ गप्प बसवेल? जेवायच्या वेळेपर्यंत त्यांनी सात महिन्यांचा पाढा वाचून दाखवला. कोण काय म्हणाला, कुणी काय बदललं, कुणी कसा हात दाखवला. मिस्त्री जेवत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"सकाळी धूर कसला येतो?"

"सुरूच होत नाही तर धूर कुठला येणार?" व्याही म्हणाले.

"सुरू झाल्यावरचा नव्हे. नुसता सेल्फ मारताना. सायलेन्सरमधून पांढरं काही निघतं का?"

व्याह्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाई म्हणाल्या, "मी मागे असते, पण माझं लक्ष पायाकडे असतं."

"तू धक्का देतेस की फळी धरून उभी राहतेस, ते मला अजून कळलेलं नाही," व्याही म्हणाले.

तेवढ्यात वाढायला आलेली मुलगी म्हणाली, "नाही येत. अजिबात धूर येत नाही. मी आरशातून बघते ना रोज."

"आरशातून?" मिस्त्रींनी मान वर केली.

"स्टिअरिंगवर तीच असते," व्याही म्हणाले. "मला धक्का मारायला जावं लागतं. क्लच नेमका कधी सोडायचा ते हिलाच जमतं. आमच्या चिरंजीवांनी सोडला की गाडी उंटासारखी उडते."

आपली मुलगी रोज सकाळी ट्रक चालू करते हे मिस्त्रींना आत्ता कळत होतं. ते पाणी प्याले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "आणखी काय बघितलंस?"

या प्रश्नाची ती बहुधा सात महिने वाट बघत असावी. हातातलं भांडं खाली ठेवून तिनं सांगितलं. ट्रक फाटकाच्या आत सपाट जागेवर लावला की उठत नाही. पण बाहेर रस्ता उतरता आहे, तिथे तोंड खाली करून लावला की किल्लीवर पहिल्या फटक्यात उठतो.

"उतारावर कुठलीही गाडी उठते, घरंगळते ना," व्याही म्हणाले.

"घरंगळू न देता, मामा. ब्रेक लावलेला असताना. तीनदा करून बघितलंय मी." सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "आणि टाकी भरलेली असली की जरा कमी त्रास देते."

"हे त्या तिघांना सांगितलंत?" मिस्त्रींनी व्याह्यांना विचारलं.

व्याही हात धुवायला उठले. त्यांना ती कधी काही म्हणाली होती की नाही, आणि म्हणाली असली तर आपण ऐकलं होतं की नाही, हे त्या वेळी त्यांना नीट सांगता आलं नसतं.

"दम गेलेलं इंजिन उतारावरसुद्धा उठत नाही," मिस्त्री म्हणाले. "उद्या ट्रकला कुणी हात लावायचा नाही."

रविवारी सकाळी सहाच्या आत मिस्त्री ट्रकपाशी हजर होते. पाठोपाठ व्याही, मग कमरेला पदर खोचून विहीणबाई. धक्का नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला, पण त्या आत काही गेल्या नाहीत. मुलगी केबिनमध्ये चढून बसली. मिस्त्रींनी खालून वर पाहिलं. तिची एक चप्पल पायऱ्यांपाशी काढलेली होती, क्लचच्या पायातली. अनवाणी पायाला क्लच बरा कळतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"मार सेल्फ. दहा आकडे मोज आणि सोड."

सेल्फ जोरात फिरला. इंजिन खडखडलं, पण पेटलं नाही. सायलेन्सरमधून धुराचा दोरासुद्धा आला नाही.

मिस्त्री व्याह्यांना म्हणाले, "डिझेल आत जाऊन पेटत नसतं, तर पांढरा धूर आला असता. धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही." मग त्यांनी डिझेल फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला केला आणि फीड पंपाचा दट्ट्या हातानं दाबायला सुरुवात केली. दट्ट्या पोकळ लागत होता. स्क्रूपाशी नुसतं फसफस ऐकू येत होतं. वीस झाले, तीस झाले, मग फेस आला, आणि चाळिशीच्या आसपास नितळ डिझेल ओघळायला लागलं. दट्ट्या हाताला घट्ट लागला. त्यांनी स्क्रू आवळला.

"आता मार."

ट्रक पहिल्या फटक्यात उठला. शेजारच्या घरातली खिडकी उघडली. धक्क्याला बोलावणं न येता ट्रक सुरू झालेला बघून शेजारी बाहेरच आला.

"झालं!" व्याही ओरडले.

"काही झालेलं नाही. रात्रभरात सगळं डिझेल पुन्हा टाकीत उतरेल. कुठून तरी हवा शिरते आहे, त्यामुळे पाइपात डिझेल टिकत नाही. उतारावर टाकी वरच्या अंगाला येते, म्हणून ते इंजिनाकडे राहतं. ही सांगत होती ते हेच." त्यांनी केबिनकडे बोट केलं.

"पण गळत तर कुठे नाही!"

"ओढणारा पाइप आहे. त्यातून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते."

इंजिन बंद करून त्यांनी टाकीकडून फीड पंपाला येणारा पाइप सोडला, मध्ये पारदर्शक नळीचा हातभर तुकडा जोडला, दोन्हीकडे क्लिपा आवळल्या, पुन्हा हवा काढली आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. नळीतून पिवळसर डिझेल धावू लागलं. त्याबरोबर बुडबुडे. बारीक, एकामागोमाग एक, न थांबता. व्याही वाकून बघत राहिले. सात महिने ज्याच्यामागे धावलो ते असं डोळ्यांसमोर दिसेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"नळीच्या मागे, टाकीपर्यंत कुठे तरी," मिस्त्री म्हणाले आणि पोतं पसरून ट्रकखाली शिरले. खाली मातीची पुटं चढलेली होती. पाइप कुठे संपतो आणि चिखल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

मुलगी खाली उतरून वाकली. "बाबा, उतारावर लावली की सकाळी खाली तळहाताएवढा ओला डाग असतो. सपाटीवर नसतो. मागच्या चाकाच्या दीड हात पुढे, डाव्या अंगाला."

मिस्त्री सरकत तिथे गेले. चॅसीच्या आडव्या पट्टीमागे मातीचा एक गोळा होता, बाकीच्यापेक्षा काळा आणि तेलकट. त्यांनी पिशवीतला ग्रीसचा डबा मागितला आणि हवेची वाट बुजावी म्हणून त्या गोळ्यावर सगळीकडून बोटानं ग्रीस थापलं.

"नळीकडे बघ. काय होतंय?"

"कमी झाले," मुलगी म्हणाली. मग थोड्या वेळानं, "थांबले. बाबा, थांबले!"

"बंद कर इंजिन."

त्यांनी फडक्यानं ग्रीस आणि माती खरवडून काढली. खाली रबरी नळीचा वीतभर तुकडा निघाला, कडक होऊन चिरलेला. लोखंडी पाइप कधी तरी घासून फुटला असावा, तेवढा भाग कापून तिथे तो जोडलेला होता. दोन्ही टोकांना क्लिप नव्हती, तार होती. दुहेरी तार, तीन वेढे, डावीकडे पिळलेली आणि पिळाचं टोक वेढ्याखाली आत खुपसलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून.

मिस्त्री डावखुरे होते. पस्तीस वर्षांत त्यांनी तार अशीच पिळली होती, आणि दुसऱ्या कुणी अशी पिळलेली त्यांच्या बघण्यात नव्हती.

ते ट्रकखाली तसेच पडून राहिले. हळूहळू आठवत गेलं. चार वर्षांपूर्वी मुलीचं नवं कपाट आणि पलंग घेऊन जायला हा ट्रक त्यांच्या दाराशी आला होता आणि तिथेच डिझेल गळायला लागलं होतं. रविवार होता, दुकानं बंद, त्यामुळे व्याह्यांचाही नाइलाज, आणि हाताशी क्लिप नव्हती. सगळ्यांना निघायची घाई. पाच मिनिटांत त्यांनी हे बांधून दिलं होतं. जायचं काम होईल एवढ्यापुरतं. ते तसंच चार वर्षं चाललं होतं.

"बाबा? काय झालं?"

ही तार कापून खिशात टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. तसं त्यांच्या मनात आलं की नाही, हे त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. ते बाहेर आले, कपाळ पुसलं आणि उघड्या पाइपाकडे बोट करून व्याह्यांना म्हणाले, "हे मी बांधलंय."

"काय?"

"हा जोड. पलंग न्यायला आला होतात तेव्हा. माझ्या हातचा आहे."

व्याही केबिनच्या पायरीवर बसले. "म्हणजे सात महिने..."

"हो."

"बॅटरी, सेल्फ, नोझल..."

"काहीच बदलायला नको होतं. त्या तिघांना दोष देऊ नका. त्यांच्यापर्यंत गाडी तापून पोचायची, मग काय दिसणार? हे माझ्यामुळे झालं."

शेजारी आधी मिस्त्रींकडे, मग व्याह्यांकडे बघत राहिला. मुलगी बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिनं त्यांना आजवर चूक कबूल करताना पाहिलं नव्हतं, कारण घरात तसा प्रसंगच येत नसे. सगळ्यांत आधी हसू फुटलं ते विहीणबाईंना. पदर तोंडाला लावून त्या खांदे हलवत हसायला लागल्या. "माझी कंबर गेली की हो तुमच्या तारेपायी!" त्या म्हणाल्या.

"म्हणजे तू खरंच ढकलत होतीस!" व्याही म्हणाले, आणि मग तेही हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "पण बदलून घ्या म्हणून तुम्ही तेव्हा सांगितलं असेल ना मला?"

मिस्त्रींनी आठवून पाहिलं. "आठवत नाही. सांगायला हवं होतं."

"मलाही आठवत नाही," व्याही म्हणाले. ते खरं बोलत होते की पाहुण्याला सांभाळून घेत होते, हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं.

मिस्त्रींनी नवी नळी बसवली, पुढेमागे क्लिपा लावल्या. शेवटची क्लिप त्यांनी मुलीला आवळायला दिली. तिचा स्क्रूड्रायव्हर दोनदा घसरला. त्यांनी हातातून काढून घेतला नाही, थांबले. "अजून अर्धा आटा," एवढंच म्हणाले. रात्रभर ट्रक सपाटीवर उभा ठेवला आणि सोमवारी सकाळी ती चप्पल काढून वर बसली. ट्रक किल्लीवर उठला. इंजिन खोलणाऱ्याला व्याह्यांनी फोन करून येत नसल्याचं कळवलं आणि कारण इतकं सविस्तर सांगितलं, की पलीकडून फोन कापला गेला.

पुढे ती हकिकत व्याह्यांनी भेटेल त्याला सांगितली. सांगताना तारेचे वेढे तीनाचे सहा झाले आणि धक्का देणारी माणसं चाराची चौदा झाली. मिस्त्री समोर असले तरी ते हात आखडता घेत नसत. मिस्त्री ऐकून घेत. मात्र आता गाडीत काही कुरकुर झाली की व्याही पहिला फोन त्यांनाच करायचे, आणि ते कामात असले तर सुनेला विचारायचे. तिचं बहुधा बरोबर निघायचं.

मिस्त्रींनी स्वतः वेगळंच काम काढलं. घरी परतल्यावर एका संध्याकाळी ते बायकोजवळ कागद आणि पेन मागत आले. ज्या गाड्यांना त्यांनी क्लिपेऐवजी तार बांधून दिली होती, त्या आठवतील तशा लिहायला बसले. निळा टँकर, भाजीवाल्याचा टेम्पो, शाळेची जुनी बस. अकरा निघाल्या. पुढच्या दोन महिन्यांत ते क्लिपांचा डबा घेऊन त्यांच्या मागावर फिरले. सात सापडल्या. दोन भंगारात गेल्या होत्या, एकीचा मालक कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. अकरावी गाडी रस्त्याकडेच्या वजनकाट्यापाशी दिसली. ड्रायव्हर चाकाला टेकून झोपला होता. मिस्त्रींनी त्याला उठवून काय ते सांगितलं.

"गाडी सकाळी सुरू होते का?" त्यांनी विचारलं.

"एकदम," ड्रायव्हर म्हणाला. "कशाला हात लावता काका, चाललंय ते चालू द्या की."

मिस्त्रींनी त्याला थोडं पलीकडे सरकायला सांगितलं, पोतं पसरलं आणि आत शिरले.